एक्केचाळीस काठ्या

२ एप्रिल

मुक्या,

एका बापाची आपण दोन लेकरं, आणि तक्रारही दोघांची एकच. त्या माणसाने आयुष्यभर आपल्याला 'तुझं बरोबर आहे' असं एकदाही म्हटलं नाही. मी वादात जिंकले की ते उठून गाईला पाणी पाजायला जायचे. तू एखादं काम चोख केलंस की नुसतं 'हं' म्हणायचे. तो 'हं' तुझ्या वाट्याला येतो म्हणून मी तुझ्यावर जळायचे, आणि माझ्याशी भांडायला तरी ते तोंड उघडतात म्हणून तू माझ्यावर. चाळिशी उलटली आपली, तरी दोघंही अजून त्या एका वाक्याची वाट बघतोय. बाबा गेले, जमीन वाटली गेली, ते वाक्य काही वाटणीला आलं नाही.

आता त्या जमिनीचंच ऐक. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

शेतकरी संघाच्या कचेरीतून कागद आला आहे. ८ मे, गुरुवार, सकाळी आठ वाजता तुझ्या वाटणीच्या खालच्या तुकड्यात यंत्र उतरणार. चर खणून पाणी काढणार, उंचवटे छाटणार, मधलं कुंपण उपटणार आणि शेजारचे तीन तुकडे जोडून एकच लांबरुंद सपाट शेत करणार. दोन वर्षांपूर्वी तू शहरातून संमतिपत्र पाठवलं होतंस. मी ते कचेरीत पाहिलं. 'माझ्या तुकड्याचं काय करायचं ते संघाने ठरवावं.' खाली तुझी सही, नेहमीसारखी आखडलेली. ही संमती तू संघाला दिली नव्हतीस, मला शिक्षा म्हणून दिली होतीस, एवढं मला कळतं. पण यंत्राला ते कळत नाही.

विचार कर, मुक्या. बाबांच्या शेताला लोक ठिगळांचं शेत म्हणून हसायचे. वर फळझाडं, मग कांदा, मग कोबी, एका कोपऱ्यात चारा, मध्ये काटेरी कुंपण, तळं, आणि सगळ्यांत खाली तो ओलसर, खडबडीत, कशालाच धड न येणारा तुकडा. पण टिटवीला तोच हवा असतो. ती काडी काडी जमवून घर बांधत बसत नाही, उघड्या जमिनीत चार अंडी ठेवते आणि बसते. पिल्लं बाहेर आली की अंग वाळायचा अवकाश, ती चालायला लागतात, आणि मग आई त्यांना कोबीच्या ओळींमधून तळ्याच्या काठी नेते. एक तुकडा बाळंतपणाला, दुसरा लपायला, तिसरा पोट भरायला. यातला एक काढला तर उरलेले दोन तिच्या काय कामाचे? सपाट, एकसंध, एकाच पिकाच्या शेतात टिटवी उपाशी मरत नाही रे, तिला तिथे जन्मच घेता येत नाही.

खालच्या तुकड्यात या वर्षी तीन जोड्या आहेत. किती असायच्या ते तुला ठाऊक आहे.

तू म्हणशील, एवढं बोलतेस तर संघाला सांग. सांगितलं. कचेरीतला कारकून चष्मा पुसत म्हणाला, "ज्याची सही, त्यानेच येऊन मागे घ्यायची. बहीण असो नाहीतर आई." मी त्याला पंधरा मिनिटं सुनावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं? मग भावाला पाठवा."

चार वर्षांपूर्वीच्या सभेविषयी मी इथे काही लिहिणार नाही. तो विषय वेगळा, हा वेगळा.

ये आणि सही मागे घे.

ताई

१३ एप्रिल

मुक्या,

उत्तर नाही. ठीक. तू उत्तर देत नाहीस तेव्हा तुझं ऐकून झालेलं असतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

गेले नऊ दिवस मी सकाळी खालच्या तुकड्यात जाऊन बसते. भाजीचं एक रिकामं क्रेट उलटं टाकलं आहे, त्यावर. घरटी शोधायची ठरवली आहे. हसू नकोस. एकही सापडलेलं नाही.

परवा एक टिटवी माझ्यापासून वीस पावलांवर पंख लोळवत, लंगडत चालू लागली. मी उठले आणि तिच्या मागे गेले. मला खरंच वाटलं, बिचारीचा पंख मोडला. तिने मला अख्खा तुकडा ओलांडून तळ्यापर्यंत नेलं, आणि तिथे धडधाकट उडून गेली. वर जाऊन मला शिव्या देत फिरत राहिली. पक्ष्यांवरची सतरा पुस्तकं घरात आहेत माझ्या. टिटवी असं सोंग करते हे त्यांतल्या निदान पाचांत छापलेलं आहे.

कुंपणापलीकडून ट्रॅक्टरवाले दादा बघत होते. इंजिन बंद करून ओरडले, "काय ताई, आज सभा कुणाची? श्रोते तर उडून गेले!"

"घरटं शोधतेय, दादा."

"तुमचा भाऊ असता तर एव्हाना चहा पिऊन झाला असता त्याचा."

"भाऊ शहरात लिफ्ट दुरुस्त करतो."

"बरंय की. लोकांना वर चढवतो. आपण इथे मातीत." मग हळू आवाजात म्हणाले, "पण त्याच्यासारखा डोळा नाही कुणाचा. मी त्याच्या पाठीकडे बघून नांगर चालवलाय."

त्यांचं ते वाक्य घेऊन मी परत क्रेटवर बसले आणि मला सगळं दिसायला लागलं, मुक्या. तू आठ वर्षांचा. नांगरट असली की बाबा ट्रॅक्टरवाल्या दादांना थांबवून ठेवायचे, तुझी शाळा सुटेपर्यंत. तू चपला काढून बांधावर ठेवायचास आणि ट्रॅक्टरच्या पुढे तीस पावलं चालायचास. हातात काही नाही. मान खाली, पण नजर लांब. मध्येच थांबायचास. घरट्याच्या एका बाजूला उभा राहायचास, पुतळ्यासारखा, आणि दादा नांगर उचलून तुला वळसा घालून पुढे जायचे. ट्रॅक्टर गेला की तू पुढच्या घरट्याकडे. संध्याकाळी सगळं शेत नांगरलेलं, आणि कुठे काय आहे हे फक्त तुला ठाऊक. तू स्वतःच खूण होतास, आणि ती खूण चालत घरी यायची, हातपाय धुऊन जेवायला बसायची.

मी तेव्हा खिडकीत पुस्तक घेऊन बसलेली असायचे.

एकदा विचारलं होतं मी तुला, कसं कळतं रे? तू म्हणालास, "ती कुठून उठते ते बघायचं नाही. परत येताना कुठे बसायला कचरते ते बघायचं." त्या वर्षी तू माझ्याशी बोललेलं सगळ्यात मोठं वाक्य ते.

तू शहरात गेलास आणि पुढे चालणारं कुणी उरलं नाही. म्हणून मी काठ्या आणल्या. दोन हात उंचीची बांबूची काठी, वर केशरी कापडाची पट्टी, घरट्यापासून तीन पावलांवर रोवायची. ट्रॅक्टरवाल्याला लांबून दिसावी म्हणून. कल्पना माझी, पत्रक माझं, भाषणं माझी. हेतूत खोट नव्हती. काही घरट्यांना कावळ्यांचा त्रास झाला, हे मी मान्य करते.

संमती मागे घ्यायला मंगळवार ६ मे ही शेवटची तारीख आहे.

ताई

२१ एप्रिल

मुक्या,

'काही घरट्यांना.' गेल्या पत्रात मी हे दोन शब्द लिहिले आणि पाकीट चिकटवलं. टपालपेटीत टाकताना हात थांबला होता, तरी टाकलं. आज सगळं लिहिते. मला लिहिताना सजवायची सवय आहे, कुठे सजवलेलं दिसलं तर ते खोटं समज.

काठ्यांची कल्पना मी तुला कळवली तेव्हा तू पत्र पाठवलं होतंस. पाच ओळींचं. मला ते पाठ आहे. 'ताई, काठ्या नको लावू. कावळा हुशार आहे. दोन घरटी त्याला काठीखाली सापडली की तिसऱ्या काठीकडे तो सरळ जाईल. पुढे माणूस चालव. नाही मिळाला तर मी सुट्टी काढून येतो.'

मी सुट्टी काढायला सांगितली नाही. मला तुझी गरज नाही, हेच तर मला दाखवायचं होतं.

मग सभा. संघाचं सभागृह भरलेलं, अडीचशे माणसं, बायका भिंतीला टेकून उभ्या. तू न कळवता आलेला आहेस, शेवटच्या रांगेत बसला आहेस, हे मला माहीत नव्हतं. ही सबब म्हणून सांगत नाही. माहीत असतं तरी मी थांबले नसते, बहुतेक. मी म्हटलं, प्रसंगी टिटवी समुद्र आटवते, आणि आपल्याला तर फक्त काठ्या रोवायच्या आहेत! टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी पिशवीतून तुझं पत्र काढलं. "ऐका, माझा धाकटा भाऊ काय लिहितो," म्हटलं, आणि पाची ओळी वाचल्या. मग म्हटलं, "कावळ्यांना वाचता येईल म्हणतो! चला, संघातर्फे त्यांची शाळा काढू. मास्तर म्हणून माझ्या भावालाच नेमू, तेवढंच तोंड उघडेल त्याचं!"

सभागृह हसून लोळलं. मीही हसले. आणि त्या हशात मागचं दार उघडून एक माणूस बाहेर गेला. त्याची पाठ मी ओळखली, आणि तरी पुढचं वाक्य बोलले.

दुसऱ्या दिवशी बांधावर भेटलास. तुला आठवत असेल. मी सबबी सांगत होते, तू चपलेला लागलेली माती काठीने काढत होतास. शेवटी मला लहानपणीच्या नावाने हाक मारत एवढंच म्हणालास, "समुद्राचं राहू दे, भोंग्या. आधी टिटवी ओळख." आणि बसस्टॉपकडे चालू लागलास.

त्या हंगामात संघातल्या पोरांनी आपली आणि आसपासची शेतं धुंडाळून घरटी शोधून दिली, आणि एक्केचाळीस काठ्या लागल्या. ट्रॅक्टरवाले दादा एकेका काठीला वळसा घालून गेले. सहाव्या दिवशी सकाळी मी तळ्याकडून येत होते. पहिल्या काठीच्या टोकावर कावळा बसला होता. त्याने खाली पाहिलं, उतरला. मग उडून दुसऱ्या काठीवर. उतरला. मग तिसऱ्या. घाई नाही, गडबड नाही, हजेरी घ्यावी तसा एकेका ओळीने तो पुढे सरकत होता, आणि टिटव्या त्याच्या डोक्यावर जीव तोडून ओरडत होत्या. मी हातवारे करत धावले. तो पुढच्या काठीवर जाऊन बसला आणि मी दमायची वाट पाहू लागला.

एक्केचाळिसांपैकी अडतीस घरटी रिकामी झाली.

मी अहवालात लिहिलं, 'नांगराखाली एकही घरटं गेलं नाही.' शब्दशः खरं आहे ते. आयुष्यात मी याहून मोठं खोटं बोललेले नाही.

आणि याच्याही पुढे आहे, ते ऐक. दुसऱ्या वर्षी मला सगळं माहीत असताना मी पुन्हा काठ्या लावल्या. पत्रक छापून झालं होतं. अकरा संघांनी भाषणाला बोलावलं होतं. कुठल्या तोंडाने सांगणार होते? स्वतःला समजावलं की पहिल्या वर्षी कावळे जास्त झाले असतील. तिसऱ्या, चौथ्या वर्षीही लावल्या. मग टिटव्यांनीच निकाल दिला. घालतील ती अंडी जाताहेत म्हटल्यावर त्या आल्याच नाहीत. बाबांच्या वेळी बावीस जोड्या, आता तीन. या वर्षी मी काठी लावलेली नाही, पण ते कुणाला सांगितलेलंही नाही. पत्रक अजून वाटलं जातं, आणि खाली माझं नाव आहे.

तुझं बरोबर होतं. चार वर्षांपूर्वी बरोबर होतं, आणि मी ते अडीचशे माणसांसमोर हसण्यावारी नेलं.

क्षमा कर असं लिहिलेलं एक वाक्य होतं इथे. खोडलं. ते मागण्याची ही वेळ नाही.

ताई

२९ एप्रिल

मुक्या,

तुझं कार्ड मिळालं. मायना नाही, सही नाही. चारच शब्द. 'पत्रक मागे घेतलंस का?'

आधी खरं सांगते, मी भडकले. आठ दिवस रक्त आटवून मी कबुली लिहिली, आणि हा मला जाब विचारतो! कार्ड टेबलावर आपटलं. स्वयंपाकघरात जाऊन नुसतीच भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. तुला चार पानी उत्तर लिहायला बसले. मी कामं किती केली, दहा वर्षं कुंपणं कोणी वाचवली, जुन्या पंपघरातल्या पिंगळ्यासाठी कोण भांडलं. दुसऱ्या पानावर लक्षात आलं की तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे, आणि तो शब्द 'नाही' असा आहे. मी तुझ्यापाशी कबूल झाले होते, बंद पाकिटात. खोटं मात्र उघड्यावर बोलले होते.

रविवारी संघाची सभा होती. गेले. तेच सभागृह, माणसं शंभरेक. अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे माईक पुढे केला. मी माईक घेतला नाही. हातात माईक आला की मी काय करते याचा मला भरवसा नाही. पहिल्या रांगेसमोर उभी राहून सांगितलं. किती काठ्या, किती रिकामी झाली, दुसऱ्या वर्षी मला काय माहीत होतं आणि मी काय लिहिलं. भावाने आधीच सावध केलं होतं, आणि मी त्याचं पत्र इथेच वाचून त्याची टिंगल केली होती.

अध्यक्ष म्हणाले, "ताई, जाऊ द्या, कशाला जुनं उकरता? हेतू चांगला होता."

मागून एक म्हातारे शेतकरी उठले. माझ्या प्रत्येक भाषणाला आलेले. "हेतूचं काय लोणचं घालायचं? आम्ही पोरांना काठ्या तासायला बसवलं होतं घरी," म्हणाले. "भाषण फुकट होतं बाई, अंडी फुकट नव्हती." आणि काठी टेकत निघून गेले. मी त्यांना थांबवलं नाही.

मग टेकडीपलीकडची मेंढपाळ बाई उभी राहिली. मी तिला ओळखत नव्हते. तिच्या हातात माझं पत्रक होतं, घडी घालून घालून मऊ झालेलं. ती रागावलेली नव्हती, तेच जास्त लागलं.

"आमच्याकडे आज सत्तर काठ्या उभ्या आहेत," म्हणाली. "यावरून लावल्या. आत्ता, या घडीला उभ्या आहेत. काय करू?"

"उपटा," मी म्हटलं.

"उपटल्या तर सोमवारी ट्रॅक्टर जाईल वरून."

"ट्रॅक्टरपुढे माणूस चालवा."

"माणूस कुठून आणू?"

मुक्या, पन्नास वाक्यं तोंडाशी आली, सगळी सुरेख, आणि त्यांतलं एकही ट्रॅक्टरपुढे चाललं नसतं. तेवढ्यात नर्सरीवाल्या काकू, आपल्या शेजारच्या, ज्यांना तू लहानपणी 'कुंडीकाकू' म्हणायचास, खुर्चीतूनच म्हणाल्या, "मी येते दोन दिवस. गुडघे दुखतात, पण हळू चालायचंच काम आहे ना?" ट्रॅक्टरवाले दादा म्हणाले, "तुमच्या भावाचा चालायचा वेग मला ठाऊक आहे, ट्रॅक्टर मी चालवतो." मीही जाते म्हटलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि पुढचा विषय घेतला. शंभरांत आम्ही तिघं. टाळ्या पडल्या नाहीत.

काल आणि आज आम्ही तिथे होतो. रविवारी संध्याकाळीच सगळ्या काठ्या उपटून तिच्या गोठ्यामागे रचल्या होत्या. सत्तरांपैकी बावन्न घरटी आधीच रिकामी होती. उरलेल्या अठरांपाशी आम्ही आळीपाळीने उभ्या राहिलो. ऊन होतं. काकू एका घरट्यापाशी उभ्या असताना ट्रॅक्टर जवळ आला, तरी टिटवी उठली नाही. काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "धूळ गेली बाई." धूळ वाऱ्याने पलीकडे जात होती.

अकराही संघांना पत्रं गेली आहेत. मजकुराची नक्कल सोबत आहे. तुझ्या पाच ओळी त्यात आहेत, जशाच्या तशा, आणि त्या तुझ्या आहेत असं लिहिलं आहे.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: आता घेतलं.

ताई

३ मे

मुक्या,

हे कुरिअरने पाठवते आहे, सोमवारी तुझ्या हातात पडेल.

खालच्या तुकड्यातलं एक घरटं मला गेल्या आठवड्यात सापडलं. सतरा पुस्तकांमुळे नाही. ती परत येताना कुठे बसायला कचरते ते बघत बसले, चार सकाळी. एका दगडापाशी ती तीनदा थांबली, तीनदा दुसरीकडे पाहिल्यासारखं केलं, आणि चौथ्यांदा बसली. मी तिथे काहीही रोवलं नाही. दगडही हलवला नाही.

काल त्यातून पिल्लं निघाली. अंडी चार होती, पिल्लं तीन. चौथ्या अंड्याला चीर पडली होती, पण आतून पुढे काही हललं नाही. ते तिथेच आहे. बाकीची तीन दुपारपर्यंत मातीच्या ढेकळांत मिसळून गेली. मी डोळ्यांसमोर बघत होते, तरी हरवली. दुसरी दोन घरटी मला अजूनही ठाऊक नाहीत. तिथली पिल्लं आज-उद्या निघतील, किंवा निघालीही असतील.

आता नीट ऐक, कारण यापुढे काठीचा प्रश्न उरलेला नाही. धोका दिसला की आई वरून ओरडते आणि पिल्लं असतील तिथे जमिनीला चिकटून निपचित पडतात. कावळा वरून जातो, त्याला दिसत नाहीत. पण गुरुवारी यंत्र येईल, आई ओरडेल, आणि तिचं ऐकून ती जागची हलणार नाहीत. त्यांच्यापुढे उभं राहायला तूही पुरा पडणार नाहीस. एकाच जागी नसतील ती. पाच आठवडे त्यांना पंख नाहीत. पाच आठवडे तो तुकडा आहे तसा राहायला हवा, आणि पुढच्या वर्षी त्यांना परतायला जागा हवी असेल तर पुढेही.

कचेरीत काल पुन्हा गेले होते. या वेळी भाषण केलं नाही. कारकुनाने चष्मा पुसायला घेतला आणि मी काही बोलत नाही हे पाहून पुन्हा डोळ्यांवर चढवला. अर्जाचा कोरा नमुना आपणहून काढून दिला. तो सोबत आहे. सही त्याच्यासमोर व्हायला हवी, त्याला इलाज नाही.

मी तिथे नसेन. घरी ये असंही म्हणत नाही. चार वर्षांचं चार पत्रांत भरून येत नाही, आणि टिटव्यांच्या आडून तुला घरी ओढून आणावं, एवढी हुशारी मला आता करायची नाही. तू सही करून परतीची बस धरलीस तरी मला चालेल. मंगळवारी दिवसभर मी टेकडीपलीकडे त्या मेंढपाळ बाईच्या शेतात ट्रॅक्टरपुढे चालत असेन. वाटेत माझी गाठ पडेल ही भीती नको.

अर्जात खाली एक रकाना आहे, 'संमती मागे घेण्याचं कारण'. चार ओळींची जागा आहे. मला त्यात लिहायला चाळीस कारणं सुचतात, आणि काल रात्री मी ती कच्च्या कागदावर लिहूनही काढली होती, तुला उतरवून घ्यायला सोपं जावं म्हणून. तो कागद पाकिटात घातलेला नाही. तो रकाना कोरा आहे. तुला जे माहीत आहे ते तुझ्या शब्दांत लिही. एक ओळ पुरे. ती कुणी कुठे वाचून दाखवणार नाही.

मंगळवार, ६ मे, संध्याकाळी पाचच्या आत. संघाची कचेरी, खिडकी क्रमांक दोन. जा आणि सही कर.

ताई